कापूस विलायतेला, कास्तकार दिग्रसला

दिग्रसच्या बाजूच्या कापसाने युरोप पाहिला, तो दिग्रसच्या माणसाने पाहण्याच्या कितीतरी आधी. दारव्हा मागे टाकून पुसदकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. भोवती काळी जमीन, जवळून जाणारी अरुणावती आणि दिवाळीच्या सुमाराला फुटून पांढरी झालेली पराटी. आज दिग्रस हा यवतमाळ जिल्ह्यातला तालुका आहे. इंग्रजी अमदानीत तो दारव्हा तालुक्यात मोडायचा आणि जिल्ह्याचं नावही तेव्हा वणी होतं; यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आलं. या शिवारात वेचलेला कापूस बंडीत भरला जाई, जिनमध्ये त्याची सरकी निघे, प्रेसमध्ये गाठ आवळली जाई आणि ती गाठ मुंबईच्या गोदीतून लिव्हरपूल, ब्रेमेन किंवा ल हावरला उतरे. माल एवढा लांब गेला, पण मालासोबत माणूस गेला नाही. श्रीमंत युरोपात पाहुणा म्हणून जाऊन, तिथल्या बाजारात उभं राहून आपला माल विकणं ही गोष्ट वऱ्हाडच्या वाट्याला जवळपास आलीच नाही. उलट युरोपातले व्यापारी वऱ्हाडात पाहुणे म्हणून आले, राहिले, खरेदी करून गेले. त्यांना ते का जमलं आणि आपल्याला का जमलं नाही, याची कहाणी कापसाच्या गाठीइतकीच घट्ट बांधलेली आहे. ती सोडवून पाहायला हवी.

सुरुवात गोऱ्या साहेबांपासून होत नाही, ती बंजाऱ्यांच्या तांड्यांपासून होते. दिग्रसहून फार लांब नसलेलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं स्थान देशभरच्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान आहे, आणि दिग्रस-पुसद-दारव्हा या सगळ्या टापूत तांडे आहेत. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्याचं काम याच समाजाच्या बैलांनी केलं. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादलेले शेकडो बैल नागपूर, जबलपूरच्या वाटेने गंगाकाठच्या मिर्झापूरला जात. तिथून होडीने कापूस कलकत्त्याकडे उतरे. वाट शेकडो मैलांची, माल उघडा, रात्री मुक्काम माळावर. अवकाळी आला तर कापूस भिजून बैलाला उचलेनासा होई. उन्हाळ्यात पाणी नसलं तर बैल मरत. मिर्झापूरला पोहोचेपर्यंत कापसात धूळ किती आणि तंतू किती हे सांगणं अवघड व्हायचं.

ही वाट पश्चिमेकडे वळवली ती पारशी व्यापाऱ्यांनी. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या भावांच्या पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस पाठवला. पाचशे बैल, एक लाख वीस हजार पौंड माल. एका बैलावर दोनशे चाळीस पौंड, म्हणजे आजच्या हिशेबात शंभर किलोहून थोडं जास्त. आकडा लहान वाटेल, पण वऱ्हाडच्या व्यापाराचं तोंड गंगेकडून समुद्राकडे फिरलं ते या पाचशे बैलांनी. त्यानंतर वऱ्हाडच्या कापसाचं गिऱ्हाईक कोण, हे मुंबईच्या पलीकडे ठरू लागलं.

१८५३ मध्ये निजामाच्या थकलेल्या कर्जापोटी इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार हाती घेतला. कर्ज होतं फौजेच्या खर्चाचं, पण ज्या मुलखावर बोट ठेवलं गेलं तो हिंदुस्थानातला उत्तम कापूस पिकवणारा मुलूख होता. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांतून लँकेशायरला जाणारा कापूस अडला, गिरण्या बंद पडल्या आणि लिव्हरपूलचा भाव चार वर्षांत चौपटीवर गेला. तो पैसा मुंबईत सट्ट्यात उधळला गेला. वऱ्हाडात त्याचा परिणाम वेगळा झाला. ज्वारीच्या रानात पराटी आली. शेतसारा रोखीत भरायचा, तर रोख देणारं पीक हवंच. धान्याच्या पेवांच्या भरवशावर जगणारा कास्तकार आता बाजारातून ज्वारी घेऊ लागला. भाव पडला की कापसाचे पैसे कमी मिळत, दुष्काळ पडला की ज्वारी महाग होई, आणि दोन्ही एकाच वर्षी झालं की काय होतं हे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दाखवलं. अभ्यासक लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ या दोन गोष्टी एकत्र ठेवून पुस्तक लिहिलं. त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

युद्ध संपलं तरी लँकेशायरची भीती संपली नाही. अमेरिकेवर पुन्हा अवलंबून राहायचं नाही म्हणून मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी हॅरी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याला कॉटन कमिशनर नेमलं गेलं. त्याचं काम एकच: इथला कापूस जास्त पिकावा, स्वच्छ निघावा आणि लवकर समुद्राला लागावा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये खामगावची फाट्याची रेल्वे सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात आले. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडले गेले. गावाकडचा बाजार आणि लिव्हरपूलची गोदी यांच्यातलं अंतर महिन्यांवरून आठवड्यांवर आलं आणि भावाची बातमी काही तासांत पोहोचू लागली. प्रश्न एवढाच होता की ती बातमी कोणाच्या हातात पडते.

ती पडत होती व्होल्कार्टसारख्या पेढ्यांच्या हातात.

व्होल्कार्ट ब्रदर्सची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे, कारण परक्या मुलखात पाहुणा म्हणून व्यापार कसा करावा याचा तो धडा आहे. सालोमोन आणि योहान गेओर्ग हे दोघे भाऊ स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचे. १ फेब्रुवारी १८५१ रोजी त्यांनी एकाच दिवशी विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी पेढी उघडली. विंटरथूर समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. स्वित्झर्लंडला बंदर नाही, आरमार नाही, एकही वसाहत नाही. म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानात हे भाऊ मालक नव्हते, पाहुणेच होते. मुंबई सांभाळणारे योहान गेओर्ग दहा वर्षांतच, १८६१ मध्ये, इथे वारले. तरीही पेढी वाढली. १८७० च्या दशकात खामगावात तिचं ठाणं झालं आणि पुढे वऱ्हाडच्या बाजारांत स्वतःचे जिन आणि प्रेस उभे राहिले. तिचे मोठे प्रतिस्पर्धी रॅली ब्रदर्स. तेही पाहुणेच: मुळात कियोस बेटावरचे ग्रीक, मुख्य कचेरी लंडनला, मुंबईत शाखा १८६१ पासून.

या पाहुण्यांना यश का आलं? धाडस तर होतंच, पण धाडस वऱ्हाडच्या अडत्यांतही कमी नव्हतं. त्यांच्याकडे चार गोष्टी होत्या. युरोपातल्या बँकांचा स्वस्त व्याजाचा पैसा, त्यामुळे हंगामाच्या ऐन गर्दीत रोख मोजायची ताकद. स्वतःच्या माणसाने पाठवलेली सांकेतिक तार, त्यामुळे लिव्हरपूल आणि ब्रेमेनचा भाव बाजाराच्या आधी कळायचा. मुंबईत हमी देणारा स्थानिक दलाल, जो इथल्या व्यापाऱ्यांची पत ओळखायचा आणि बुडीत रकमेची जबाबदारी घ्यायचा. आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: तक्रार झाली तर ती त्यांच्या ओळखीच्या गावात, त्यांच्या भाषेत, त्यांना माहीत असलेल्या नियमांनी सुटायची. परक्या देशात गेलेल्या व्यापाऱ्याची खरी परीक्षा भाव ठरवताना होत नाही, भांडण झाल्यावर होते. व्होल्कार्टला वऱ्हाडातही ती भीती नव्हती, कारण वऱ्हाडचे कायदे लंडनच्या सोयीने लिहिले जात होते.

त्या व्यापारातून काय उभं राहिलं ते आजही विंटरथूरमध्ये दिसतं. पेढी पुढे राइनहार्ट घराण्याकडे गेली. गेओर्ग राइनहार्ट हिंदुस्थानातल्या कलावस्तू जमवायचे. त्यांचे भाऊ वेर्नर यांनी संगीतकारांना आणि कवींना पोसलं. रिल्केला राहायला म्युझोचा छोटा वाडा त्यांनीच घेऊन दिला. आणखी एक भाऊ ऑस्कर १९२४ मध्ये पेढीच्या कामातून बाहेर पडले आणि चित्रं जमवण्याला लागले. त्यांच्या ‘आम र्‍योमरहोल्झ’ या बंगल्यातल्या संग्रहात सेझान, रेन्वार, व्हान गॉग आहेत. १९७० पासून तो संग्रह लोकांना खुला आहे. त्या भिंतींवरच्या रंगांमागे कॉफी, मसाले आणि जपानपर्यंतचा व्यापार आहे, तसाच वऱ्हाडचा कापूसही आहे. त्यात चोरी नाही, सगळं पावत्यांनिशी झालेलं आहे. म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं: रीतसर सौद्यातही एका टोकाला संग्रहालय उभं राहू शकतं आणि दुसऱ्या टोकाला सावकाराचं खातं.

आता ते दुसरं टोक जवळून पाहू. हंगामात कापसाच्या बाजारात बंड्यांची रांग लागे. पहाटे आलेला कास्तकार बैल सोडून बंडीच्या सावलीत बसे. खरेदीदाराचा माणूस येई, ढिगात कोपरापर्यंत हात घाली, आतला कापूस ओढून काढी, मुठीत दाबून ओल पाही, चिमटीत धरून तंतू ओढी. मग अडत्या आणि तो समोरासमोर बसत, हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा पडे आणि त्याखाली बोटं बोलू लागत. अमुक बोटं धरली की इतके रुपये, अमुक पेरं दाबलं की इतके आणे. तोंडाने एक शब्द नाही. ज्याचा कापूस तो तिथेच उभा, पण आपल्या मालाला पहिली बोली किती लागली आणि शेवटची किती, हे त्याला कधीच कळत नसे. सौदा झाल्यावर हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय आणि कडता कापून उरेल ते त्याचं.

या बाजारांना नियम लावण्याची सुरुवात वऱ्हाडातच झाली. दारव्ह्याच्या पुढचं कारंजा लाड हे जुनं व्यापारी गाव. तिथे १८८६ मध्ये सरकारी आदेशाने कापसाचा नियमित बाजार उभा राहिला; देशातला हा पहिला नियंत्रित कापूस बाजार मानला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजार समित्या, ठरलेली जागा, ठरलेले तोलारी आणि दलाल हे सगळं त्यातून आलं. या सुधारणेमागचा मोठा जोर मात्र कास्तकाराच्या हिताचा नव्हता. मँचेस्टरला भेसळ नसलेला, ओला न केलेला कापूस रास्त भावात हवा होता. तरी कारंज्याचं महत्त्व कमी होत नाही. आजच्या प्रत्येक बाजार समितीच्या, दिग्रसच्या समितीच्यासुद्धा, वंशावळीत वरच्या बाजूला ते नाव आहे.

इथून निघालेली गाठ तिकडे पोहोचल्यावर तिचं काय होई, ते इथल्या कोणी पाहिलं नव्हतं. लिव्हरपूलमध्ये कापूस दलालांच्या इमारतींना वरच्या मजल्यावर उत्तरेकडे उघडणाऱ्या मोठ्या काचा असत. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात रंगाची फसवणूक होत नाही. त्या उजेडात लांब टेबलांवर निळसर-तपकिरी कागदात गुंडाळलेले नमुने मांडलेले. पारखी एक पुंजका उचली, दोन अंगठ्यांमध्ये ओढून तोडी, पुन्हा जुळवी, पुन्हा तोडी, आणि उरलेल्या समांतर तंतूंची लांबी डोळ्यांनी मोजी. पानकचरा किती, पिवळेपणा किती, ताकद किती. काही क्षणांत प्रत ठरे. वऱ्हाडचा कापूस तिथे अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. ‘हिंगणघाट’ ही वेगळी आणि वरची प्रत. हिंगणघाटचं नाव लंडन-लिव्हरपूलच्या बाजारभावाच्या छापील तक्त्यात रोज येत होतं. ते नाव जिथलं, तिथला माणूस मात्र त्या टेबलाशी कधी उभा नव्हता. आखूड धाग्याचा म्हणून वऱ्हाडी कापसाची प्रत खाली लागली, तर तिथल्या तिथे हा नमुना पुन्हा उजेडात धरा असं सांगणारं कोणी नव्हतं.

इथून युरोपात गेले ते फार थोडे, आणि त्यांच्या अनुभवांतून बरंच कळतं.

त्यातला सर्वांत बोलका प्रसंग जमशेटजी टाटांचा. नवसारीचं पारशी घराणं, मुंबईतला व्यापार, वय पंचविशीचं. युद्धाच्या तेजीत मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी लंडनमध्ये हिंदी बँक काढायचं ठरवलं आणि १८६४ मध्ये जमशेटजींना त्यासाठी इंग्लंडला पाठवलं. सोबत कापसावरची मोठी देणी-घेणी आणि हुंड्या होत्या. ते तिथे असतानाच १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकन कापूस पुन्हा सुटला आणि भाव कोसळला. मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि जमशेटजींच्या हातातले कागद रद्दी झाले. परक्या शहरात, ओळखी नव्या, घरून मदत शक्य नाही. त्यांनी पळ काढला नाही. धनको आणि बँकांपुढे सगळे हिशेब उघडे ठेवले. त्या लोकांचा या तरुणावर एवढा विश्वास बसला की त्याच्याच व्यवहाराचा निकाल लावायला त्यालाच, महिना वीस पौंड पगारावर, नेमलं गेलं. पाहुण्याची पत पैशावर असते असं आपण समजतो. पैसा संपल्यावर उरलेली पत किती मोलाची असते, हे त्या वीस पौंडांतून दिसतं.

त्या फटक्यानंतर जमशेटजी पुन्हा इंग्लंडला गेले, ते लँकेशायरच्या गिरण्या शिकायला. तिथे त्यांना उमगलेली गोष्ट साधी होती: कापूस हजारो मैल नेऊन कापड हजारो मैल परत आणण्यापेक्षा गिरणी कापसाच्या मुलखात उभी करावी. १८७४ मध्ये कंपनी निघाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा दलदलीची होती, भरावासाठी माती आणून टाकावी लागली. नागपूरच्या एका सावकाराने, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून, पैसे द्यायचं नाकारलं आणि पुढे आपला शब्द फिरवला अशी आठवण सांगतात. विदर्भातल्या कापसाला विदर्भातच मोठं गिऱ्हाईक मिळालं ते या गिरणीने, आणि तिची बीजं लंडनमधल्या दिवाळखोरीच्या दिवसांत पडली होती.

अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर १८९० मध्ये इंग्लंडला गेले, ते काँग्रेसच्या शिष्टमंडळातून, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि ह्यूम यांच्यासोबत. काम राजकीय होतं: इंग्रज जनतेपुढे हिंदुस्थानची मागणी मांडायची. पण परत आल्यावर या वकिलाचा ओढा उद्योगांकडे वाढत गेला, आणि काँग्रेससोबत १९०५ पासून भरू लागलेल्या औद्योगिक परिषदेच्या कामात ते आघाडीला होते. १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. वऱ्हाडातून कच्चा माल जातो आणि पक्का माल येतो, हा हिशेब त्यांच्या पिढीने पुन्हा पुन्हा मांडला.

कापसाच्या बाहेर पाहिलं, तर मराठी माणसाने युरोपात जाऊन धंदा करण्याची दोन ठळक उदाहरणं लंडनचीच आहेत. पहिलं शंकर आबाजी भिसे यांचं. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाने छापखान्याचे खिळे ओतणारं वेगवान यंत्र बनवलं आणि ते विकायला लंडन गाठलं. दादाभाई नौरोजी पाठीशी होते. यंत्र उत्तम, पण भांडवल मिळेना. लंडनमध्ये भागभांडवल उभं करण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं लांबले. अखेर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला आणि सर रतन टाटांनी पैसा दिला, तेव्हा १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट निघालं. तेही १९१५ मध्ये थांबलं आणि भिसे अमेरिकेला गेले. लंडनमधल्या यंत्राला पैसा मुंबईतून यावा लागला, यात सगळं आलं. बुद्धीला तिथे टाळ्या होत्या, पण कर्ज तिथल्या ओळखीच्या माणसालाच मिळत होतं.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं, आणि ते जास्त सुखाचं आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसा उभा केलेले फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. ओळखदेख कोणाची नव्हती. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे मात्र ते मुंबईतून वर्गणीदार होते. लंडनमध्ये त्या साप्ताहिकाची पाटी दिसताच ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी आधी या धंद्यापासून परावृत्त केलं, पण माणसाची तळमळ पाहून कोणता कॅमेरा घ्यावा, कच्ची फिल्म कोणाची, छिद्रं पाडायचं यंत्र कुठलं हे सगळं सांगितलं आणि वॉल्टन इथल्या सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके एप्रिलमध्ये परतले. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तिथे ते दाखवले, त्यांची वाखाणणी झाली आणि इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढायचा प्रस्तावही आला. तो त्यांनी नाकारला. फाळके तिथे काय मागायला चाललो आहोत हे नेमकं ठरवून गेले होते, म्हणून दोन महिन्यांत काम झालं. आणि त्यांच्या हातात आधीपासून एक धागा होता, वर्गणीदाराचा का होईना. वऱ्हाडच्या कास्तकाराकडे तसा धागा नव्हता. त्याच्या आणि लिव्हरपूलच्या मध्ये गावचा खेडा-खरेदीवाला, बाजाराचा अडत्या, पेढीचा एजंट, मुंबईचा दलाल आणि जहाज कंपनी एवढे उभे होते.

इकडे बंड्यांची जागा रेल्वेने घेतली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सुरू झाली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखाली ती बांधली गेली, आणि विदर्भाने तिला प्रेमाने शकुंतला म्हटलं. दारव्हा मोतीबाग हे तिच्यावरचं जंक्शन, दिग्रसच्या मालाला जवळचं. मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होतं. म्हणजे कापूस न्यायचं इंजिनही कापूस घेणाऱ्या गावच्याच कारखान्यातलं. शकुंतला आता थांबली आहे. वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणाऱ्या नव्या ब्रॉडगेजकडे सगळ्यांचे डोळे आहेत.

स्वातंत्र्यानंतर पाहुणे हळूहळू निघाले. व्होल्कार्टने १९५४ मध्ये आपला यंत्रसामग्रीचा व्यवसाय टाटांसोबतच्या नव्या कंपनीत दिला, तीच व्होल्टास. दिग्रसच्या दुकानात व्होल्टासचा एसी किंवा कूलर घेणाऱ्याला त्या नावातला ‘व्होल’ कधी काळी वऱ्हाडात कापूस विकत घेत होता याची कल्पना नसते. खासगी खरेदीदारांच्या जागी सरकार उतरलं ते १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजनेने. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, दिग्रसच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. कास्तकाराला मधल्या साखळीतून सोडवायचं, हा हेतू खरा होता आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण जगाचा भाव वर गेला की कापूस रातोरात शेजारच्या राज्यात जायचा, खाली आला की सगळा सरकारच्या दारात यायचा. योजना तोट्यात रुतत गेली आणि या शतकाच्या सुरुवातीला संपली. तिने मधली माणसं काही काळ बाजूला केली. लिव्हरपूलच्या टेबलापर्यंत मात्र तीही कोणाला घेऊन गेली नाही.

ते टेबल अजून तिथेच आहे. लिव्हरपूलच्या दलालांची १८४१ मध्ये स्थापन झालेली संघटना आज इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन या नावाने चालते, आणि जगातल्या कापसाचे बहुतेक आंतरराष्ट्रीय करार तिच्या नियमांवर होतात. मुंबईतला निर्यातदार बांगलादेशच्या किंवा व्हिएतनामच्या गिरणीला गाठी विकतो तेव्हाही करारात बहुधा लिव्हरपूलचे नियम आणि लिव्हरपूलचा लवाद लिहिलेला असतो. कापूस इंग्लंडला जात नाही, पण भांडण जातं. जगभर वापरला जाणारा ‘कॉटलुक’चा भावनिर्देशांकही त्याच मर्सीकाठच्या टापूतून निघतो. दिग्रसच्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवर सकाळी जे आकडे येतात त्यांत तो असतो. रुईचा भाव मात्र अजून खंडीत बोलला जातो, ३५६ किलोची खंडी, म्हणजे जुन्या मुंबईच्या ७८४ पौंडांच्या मापाचंच किलोतलं रूप.

आता जाणं अवघड राहिलेलं नाही. तिकीट मिळतं, व्हिसा मिळतो, भाषा येते. अडचण तयारीची आहे. लवादाचे नियम कसे वाचायचे, नमुना कसा काढायचा आणि सील करायचा, वजनाची तूट किती दिवसांत कळवायची, प्रतीवर हरकत कशी घ्यायची, हे शिकलेली माणसं यवतमाळ जिल्ह्यात बोटांवर मोजावी लागतील. शिकण्याच्या जागा लांब नाहीत. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि माटुंग्याच्या १९२४ पासूनच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्रही नागपुरातच आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि बाजार समित्यांनी मिळून दरवर्षी वीस-पंचवीस मुलांना रुईची पारख आणि कराराचे नियम शिकवायला सुरुवात केली, तर दहा वर्षांत दिग्रस, दारव्हा, पुसदच्या जिनवाल्यांकडे आपल्या गाठीसाठी परक्या देशात बोलू शकणारी माणसं असतील. कास्तकारांच्या उत्पादक कंपन्या आता जागोजाग निघत आहेत. त्यांतल्या दोन-चार कंपन्यांनी मिळून असा एक पारखी पगारावर ठेवायला आजही हरकत नाही.